वाचकांचे प्रश्न : कात्रीचे म्यान घरच्या घरी

प्रश्न : आमची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. सल (वाळलेल्या फांद्या) काढण्याच्या दिवसांत छाटणीची कात्री दिवसभर कमरेला लागते. परंतु कापडी म्यान तिच्या टोकाने एका हंगामात फाटते आणि चामड्याचे भिजून ताठ होते. प्लास्टिकचा पत्रा तापवून, तो हत्यारावरच दाबून काही लोक घरी म्यान तयार करतात, असे पाहण्यात आले. हा पत्रा कोणता, त्याऐवजी येथे दुसरे काय वापरता येईल आणि साच्यावाचून हे जमते का?
– एक बागायतदार, जि. जालना

उत्तर : आपण पाहिलेला पत्रा बहुधा कायडेक्सचा असावा. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे हे प्लास्टिक रोम अँड हास या अमेरिकी कंपनीने १९६५ मध्ये विमानांच्या अंतर्भागासाठी आणले; ते चिवट आणि पाणी न शोषणारे असल्यामुळे पुढे पिस्तुलांच्या होल्स्टरसाठी आणि सुऱ्यांच्या म्यानांसाठी रुळले. आपल्या कामाला २ मिलिमीटर जाडी पुरते. बेकेलाइट हे जुन्या विजेच्या बटणांचे कडक प्लास्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा मऊ होत नाही. हा पत्रा मात्र तापवला की पुन्हा मऊ होतो आणि बराचसा सपाटही होतो, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तरी तोच तुकडा पुन्हा वापरता येतो.

तरीही कायडेक्स मागवण्यापूर्वी शेतातल्या पीव्हीसी पाइपवर हात बसवावा, असे माझे मत आहे. ११० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरून, तापवून दोन फळ्यांमध्ये दाबला की सुमारे ३४ सेंटिमीटर रुंदीचा पत्रा तयार होतो. पाइपाची जाडी २ ते २.५ मिलिमीटर असावी, आणि वर्षानुवर्षे बांधावर उन्हात पडून पांढुरका झालेला पाइप घेऊ नये, कारण तो दुमडताना तडकतो. तुषार सिंचनाचे काळे पाइप एचडीपीईचे असतात. ते थंड होताना आकसतात आणि बारीक आकार धरत नाहीत. ओळख पटत नसेल तर तुकडा पाण्याच्या बादलीत टाकावा : पीव्हीसी बुडते, एचडीपीई तरंगते.

वेगळा साचा लागत नाही; कात्री हाच साचा. ती मिटवून कडी लावावी आणि पात्यांवर मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत, म्हणजे पुढे टेप काढल्यावर म्यानात केसभर मोकळीक राहते. दोन पाती जोडणारा नट जेथे वर आलेला असतो, तेथे बहुतेकांची फसगत होते. मऊ पत्रा त्या नटाभोवती गच्च बसला, तर थंड झाल्यावर कात्री बाहेरच निघत नाही. म्हणून नटापासून म्यानाच्या तोंडापर्यंत, दोन्ही बाजूंनी, नटाएवढ्याच उंचीची लाकडी पट्टी टेपने चिकटवावी. तिच्यामुळे नटाला ये-जा करण्यासाठी वाट तयार होते. ही पट्टी तोंडाजवळ किंचित उतरती ठेवली, तर कात्री आत जाताना अलगद ‘टक्’ असा आवाज येतो आणि झाडावर वाकले तरी ती निसटत नाही.

तापवण्यासाठी हिटगन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) किंवा जुना ओव्हन चालतो, मात्र त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवू नये. पाइपाचा पत्रा १२० ते १४० अंश सेल्सिअसला, तर कायडेक्स साधारण १६५ ते १७५ अंशांना हवा तसा मऊ होतो. उकळत्या पाण्याने कायडेक्सचे काम भागत नाही. गॅसच्या ज्योतीवर धरल्यास तो पापडासारखा एकीकडे फुगतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो. पीव्हीसी करपू लागले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. म्हणून हे काम अंगणात करावे आणि रंग तपकिरी होऊ लागताच उष्णता थांबवावी.

पत्रा मऊ झाला की चामडी हातमोजे घालून तो कात्रीवर दुमडावा. दोन प्लायवूडच्या फळ्यांना आतून इंचभर जाडीचा दाट फोम चिकटवून त्यांच्यात हे सारे ठेवावे आणि शिकंज्याने आवळावे. पुढची दहा मिनिटे काहीही करू नये. गरम असतानाच उघडून पाहण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि बहुतेक म्याने तेथेच बिघडतात. थंड झाल्यावर मोकळी कड करवतीने कापून कानस व पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, तळाशी पाणी निथळण्यासाठी एक छिद्र ठेवावे आणि कड आयलेटने (धातूच्या पोकळ कडीने) जोडावी. मोंढ्यावर ताडपत्रीला आयलेट ठोकून देणारा कारागीर हे काम काही मिनिटांत करून देतो. म्यान घट्ट वाटले, तर तेवढीच जागा हिटगनने किंचित गरम करून सैल करता येते.

प्रश्न : आमच्या पाटोदा तालुक्यातील अनेक कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोयते आणि लेकरे एकत्रच असतात. कोयत्याला असे म्यान करता येईल का?
– एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : करता येईल, किंबहुना या पद्धतीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. मात्र कोयत्याचे पाते वाकडे असल्यामुळे ते बंद म्यानातून सरळ ओढून काढता येत नाही. त्यासाठी फक्त धारेला झाकणारी, पाठीकडून उघडी राहणारी खोळ करावी. धारेवर सुतळी ठेवून टेप लावावी आणि त्यावर पत्रा दुमडावा, म्हणजे धार प्लास्टिकला टेकत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या पाठीवरून अडकवल्या की खोळ जागेवर राहते. येथे पाइपाचाच पत्रा वापरावा. एका तुकड्यात एक खोळ सहज होते, आणि ती हरवली तरी हळहळ वाटत नाही.

प्रश्न : मी निवृत्त सैनिक असून माझ्याकडे परवान्याचे पिस्तूल आहे. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरला बुरशी येते. कायडेक्सचे होल्स्टर घरी करावे का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : हे आपले पहिलेच काम असेल तर करू नये, आधी दोन-तीन म्याने करून हात बसू द्यावा. पत्रा दाबण्यासाठी खऱ्या शस्त्राऐवजी त्याच नमुन्याची भरीव प्रतिकृती वापरणे उत्तम. ती नसेल तर शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. ट्रिगरचा भाग दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि बाहेरून बोटाने दाबला तरी पत्रा ट्रिगरपर्यंत आत जाता कामा नये. पकड ट्रिगरवर नव्हे, तर ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या खोलगट भागावर असावी. होल्स्टर तयार झाल्यावर रिकाम्या शस्त्राने पुष्कळ वेळा घालून-काढून पाहावे, आणि ते उलटे धरून हलवले तरी पिस्तूल पडू नये.

उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डचे तापमान ७० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते आणि तेथे राहिलेल्या होल्स्टरची पकड ढिली होऊ शकते. म्हणून मे महिन्यात ते गाडीत ठेवू नये आणि ठेवले गेलेच, तर वापरण्यापूर्वी उलटे धरून पुन्हा तपासावे. प्लास्टिकला बुरशीचा त्रास नसला तरी आत शिरलेली धूळ शस्त्राचा काळा मुलामा घासून काढते, त्यामुळे आठवड्यातून एकदा होल्स्टर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच वापरावे.