गुडघ्याची गोळी बंद करून चूर्ण चालेल का?

प्रश्न: आम्ही पूर्व भागात राहतो. सासूबाईंचं वय ५८, सगळा जन्म मांडी घालून विड्या वळण्यात गेला, आता गुडघे धरलेत. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेतात, बीपीची पण चालू आहे. हल्ली पोटात फार जळजळ होते. शेजारच्या काकू म्हणतात हळदीच्या कॅप्सूल द्या. आणि दीड महिन्यापासून बाजारातून आणलेलं वातावरचं चूर्ण चालू आहे, पुडीवर नावबिव काही नाही, पण तीन दिवसांत गुडघे मोकळे झाले बघा! गोळी बंद करून तेच चालू ठेवू का?
– एक सून, सोलापूर

उत्तर: ताई, ते तीन दिवसच मला खटकतायत. सूज उतरवणारी झाडं आहेत, नाही असं नाही, पण शल्लकीसारख्या चांगल्या औषधालासुद्धा गुण यायला काही आठवडे जातात. बिननावाच्या पुडीनं झटक्यात आराम पडला की सूज पटकन दाबणारं स्टेरॉइड मिसळलंय का हा संशय पहिला, असे प्रकार कितीतरी वेळा पकडले गेलेत. चेहरा सुजल्यासारखा दिसतोय का, भूक वाढलीय का, शुगर चढलीय का बघा. आणि हे वाचून आजच पुडी फेकू नका हं, स्टेरॉइड महिनाभराच्या वर पोटात जात असेल तर एकदम तोडणंही धोक्याचं, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

जळजळीचं म्हणाल तर ती डायक्लोफेनॅकच्या गोळीचीच असणार. अंगात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे सूज येते पण जठराचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा पण तीच सांभाळतात, गोळी सगळीकडेच ती कमी करते. त्यात बीपीच्या गोळीचा जोर पण कमी पडतो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीपार, कामाच्या नादात पाणी कमी, म्हणजे किडनीवर डबल ताण. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्याच.

हळदीतलं गुणाचं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, ते असतं साधारण ३ टक्के, तेही अंगात नीट शोषलं जात नाही, त्यामुळे आमटीतल्या चिमटीनं गुडघा हलणार नाही. कॅप्सूलनं काहींना बरं वाटतं, अभ्यासही आहेत पण बहुतेक छोटे. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढतं, आणि क्वचित लिव्हरला त्रासही झालाय. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. झाडाचं म्हणजे सौम्य असं काही नसतं हो, अ‍ॅस्पिरिनची गोष्टसुद्धा विलो नावाच्या झाडाच्या सालीपासूनच सुरू झाली.

गोळीऐवजी डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का ते डॉक्टरांना विचारा, रक्तात फार कमी जातं. निर्गुडीचा पाला गरम करून शेक द्या, स्वस्त आहे, फक्त चटका बसू देऊ नका. आणि सूप मांडीवर घेऊन खाली बसण्यापेक्षा उंच स्टूलवर बसून विड्या वळता येतात का बघा, मालाचा कोटा तितकाच पडेल, गुडघा मात्र दुमडून राहणार नाही. पाय सरळ ठेवून हळूहळू उचलायचा व्यायाम रोज, सकाळ-संध्याकाळ, सासूबाई कुरकुर करतील तरी करून घ्या.