विनाकारण जीव घेणाऱ्या गरीब घरातल्या पोरांना माफ करावं का?

तुम्ही लिहिलंय की चुलतभावाला भर रस्त्यात काही कारण नसताना जिवे मारलं. मारणारी पोरं हलाखीतली आहेत, आणि आता तुमचेच नातेवाईक म्हणतात, ‘त्यांची परिस्थिती बघा, मन मोठं करा, माफ करून टाका.’ माफ करता येतं का, आणि नाही केलं तर आपण वाईट ठरतो का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही ठरत. ज्यांच्या घरातलं कुणी गेलेलं नाही त्यांनी तुमचं मन मोठं की छोटं हे ठरवायचं काही कारण नाही.

माझा धाकटा भाऊ असाच गेला. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. तो अंबडच्या एका कंपनीतून सेकंड शिफ्ट संपवून घरी येत होता. वळणावर चार पोरं गाड्या आडव्या लावून बसली होती, याने हॉर्न वाजवला. ‘कुणाला हॉर्न मारतो रे’ इथून सुरू झालं आणि कोयत्यापर्यंत गेलं. पाकीट खिशात तसंच होतं, मोबाईलही तसाच. पंचनाम्यात सगळ्या वस्तूंची यादी असते. त्यात एक ओळ होती: स्टीलचा दोन पुडांचा डबा, रिकामा, धुतलेला. आईला घरी घासायला लागू नये म्हणून तो डबा कंपनीतच धुवून आणायचा. पोलिसांना ती फक्त नोंद होती, आम्हाला ती ओळ वाचवत नव्हती.

जुनं वैर असतं, बांधाचा वाद असता, पैशाची देवघेव असती, तर निदान ‘का’ला काहीतरी उत्तर असतं. इथे चौघांपैकी एकालाही त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तुम्हीही रात्री हेच शोधत असाल की आधी काहीतरी घडलं असेल, कुणीतरी काहीतरी बोललं असेल. मी पुष्कळ शोधलं. काही नव्हतं. माणसाच्या हातात हत्यार आहे, समोरचा एकटा आहे, आणि चार मित्र बघतायत, एवढ्यावर जीव जातो. हे मान्य करणं फार अवघड आहे, पण ते केल्याशिवाय पुढचा कुठलाही विचार सरळ होत नाही.

आता परिस्थितीचं. त्यातल्या एकाचा बाप ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता, दारूने गेला. आई गोविंदनगरला चार घरी धुणीभांडी करायची. पोरगा शाळा सोडून हिंडत होता. हे सगळं खरं आहे. पण आमच्या वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा आमच्याही घरात तेच होतं. त्याच रेशन दुकानात आमची रांग होती, त्याच टँकरवर आमचे हंडे. माझा भाऊ त्याच वयात पेपर टाकून आयटीआय करत होता. म्हणून ‘गरिबीमुळे झालं’ असं कुणी सहज म्हटलं की मला राग येतो. त्यात त्या वस्तीतल्या शेकडो गरीब पोरांचा अपमान आहे, जी रोज मुकाट कामावर जातात, आणि माझ्या भावाचाही आहे.

पण दुसरी बाजूही मी नाकारत नाही. गरिबीने कोयता हातात दिला नाही, तरी ज्यांनी दिला त्यांना तो द्यायला गरीब घरचंच पोरगं सापडतं. वाढदिवसाच्या बॅनरवर मागच्या रांगेत उभं राहायला पोरं लागतात, वसुलीला दमात घ्यायला पोरं लागतात, नशेची पुडी पोचवायला पोरं लागतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकरोडजवळ शिंदे गावात एमडी नावाचा अमली पदार्थ बनवणारा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, तेव्हा शेकडो कोटींच्या मालाच्या बातम्या आल्या. तो पैसा आमच्या गल्लीत कुणाच्या घरात दिसला नाही, नशा मात्र आली. वरचे सुटतात आणि हा सोळा-सतरा वर्षांचा सापडतो. हे मला कळतं. कळलं म्हणजे माफ केलं असं होत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याचं आयुष्य समजून घेणं आणि त्याने केलेलं विसरून जाणं यांची गाठ कुणी तुमच्यासाठी बांधून देत असेल तर ती सोडवा.

सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात तारखांना आम्ही जायचो तेव्हा त्या पोराची आईही यायची. एकदा बाकावर जागा नव्हती म्हणून ती माझ्या आईच्या शेजारीच येऊन बसली. पिशवीत भाकरी आणि मेथीची भाजी होती, पोलिसांनी ती त्याला देऊ दिली नव्हती. साबणाच्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघाली होती, आणि ती ती बोटं सारखी पदराला पुसत होती. मग एकदम आईला म्हणाली, “मावशी, माझ्या पोराचं वाटोळं झालं हो.” आई म्हणाली, “तुझं तुला दिसतंय तरी.” पुढे कुणी काही बोललं नाही. पण निघताना आईने तिला विचारलं, घरी जायला रिक्षाला पैसे आहेत का. ही माफी होती का? आईला विचारलं तर ती म्हणते, “माफीबिफी नाही, बाई उन्हात चालत गेली असती.” त्या बाईवर आमचा राग कधी नव्हताच. पोरावर मात्र होता, आहे. दोन्ही एका घरात, एका माणसातसुद्धा राहू शकतं.

आता तुमच्या नातेवाईकांबद्दल सावध करते, कारण तुमच्या प्रश्नात मला तो वास आला. आमच्याकडेही एक मध्यस्थ आला होता, पांढरा शर्ट, गोड बोलणं. ‘पोरगं गेलं ते काही परत येणार नाही, गरिबाचं आणखी एक घर कशाला बुडवता, दोन पैसे मिळतील, मिटवून घ्या.’ खून हा तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. तुम्ही शंभर वेळा माफ केलं म्हणून खटला बंद होत नाही. मग ‘मिटवा’ म्हणजे त्यांना नेमकं काय हवं असतं? साक्षीदार फितूर व्हायला हवा असतो. ‘अंधार होता, चेहरा दिसला नाही’ एवढं एक वाक्य हवं असतं. त्याला ते माफी म्हणतात. ज्या टपरीवाल्याने आमच्यासाठी साक्ष दिली त्यालाही हेच ऐकवलं गेलं होतं, तो हलला नाही. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

खरी माफी कशी असते याचं एक उदाहरण मी धरून आहे. सिस्टर राणी मारिया या ख्रिस्ती नन इंदूरच्या भागात आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या पाशातून त्यांना सोडवायच्या. १९९५च्या फेब्रुवारीत समंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना बसप्रवासात भोसकून मारलं. त्याला पुढे करणारे पैसेवाले होते. २००२मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने विनंती केली आणि २००६मध्ये तो सुटला. तारखा बघा. गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली, वर्षं गेली, आणि मग बहीण स्वतःच्या पायाने गेली. तिला कुणी पांढऱ्या शर्टवाल्याने नेलं नव्हतं.

आमच्याकडे आलेल्या एका बुवांनी एकनाथ महाराजांची गोष्ट सांगितली होती, गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर कुणी पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा शांतपणे नदीवर गेले. मी लहानपणापासून ती ऐकत आलेय, रामकुंडावर गेले की आजही आठवते. पण थुंकी नाथांच्या अंगावर पडली होती, म्हणून माफ करायचा अधिकार त्यांचा होता. माझ्या भावाच्या अंगावर जे झालं ते माफ करायचा अधिकार माझ्या भावाचा होता. माझ्या वाट्याचं जे आहे, आईची झोप गेली, बाबांचं बोलणं बंद झालं, तेवढ्याचंच काय ते मी ठरवू शकते. तुम्हीही तेवढंच ठरवायचंय. बाकीचं ओझं तुमचं नाही.

आमच्या खटल्यात दोघा सज्ञानांना जन्मठेप झाली. घरातले काहीजण फाशीच हवी म्हणत होते. ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात देतात. मला व्यक्तिशः जन्मठेपेवर समाधान आहे. अल्पवयीन दोघांचं वेगळं चाललं. सोळाच्या पुढचा असेल तर बाल न्याय मंडळ आधी मूल्यमापन करतं आणि त्याला सज्ञानासारखं चालवायचं का ते ठरवतं. सोळाच्या आतल्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. त्या वेळी ‘तीनच वर्षं?’ म्हणून मी ओरडले होते.

तो सोळाच्या आतला मुलगा आता सुटून बाहेर आला आहे. कायद्याने त्याची ओळख देता येत नाही आणि मला द्यायचीही नाही. एका ठिकाणी हाताखाली काम शिकतो. मध्यंतरी गल्लीतल्या लोकांनी मालकाला द्यायला अर्ज लिहिला, याला कामावरून काढा म्हणून. पहिली सही माझी हवी होती. मी केली नाही. मी त्याच्याशी बोलत नाही, समोर आला तर रस्ता बदलते, त्याने घरी येऊन पाया पडावं असंही मला वाटत नाही. पण त्याचं काम सुटलं तर तो परत त्याच वळणावर जाऊन बसेल, आणि तिथून कुणाचा तरी भाऊ रात्री घरी येत असेल. सही न केल्याबद्दल दोन शेजारणी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. याला माफी म्हणायचं तर म्हणा, मी म्हणत नाही.

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी सांगते. सरकारी वकिलांना मदत करायला कोर्टाच्या परवानगीने तुम्ही स्वतःचा वकील देऊ शकता. आरोपी निर्दोष सुटला किंवा त्याला कमी गंभीर गुन्ह्यातच दोषी ठरवलं तर पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करता येतं, २००९च्या दुरुस्तीपासून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भरपाईसाठी अर्ज करा. तो पैसा शासनाच्या निधीतून येतो, आरोपीच्या घरातून नाही, आणि तो घेतला म्हणजे माफ केलं असा अर्थ होत नाही. काकूंना हे नीट समजवा, आमची आई याच शंकेने कितीतरी महिने अर्जाला हात लावू देत नव्हती. साक्षीदाराला कुणी दम दिला तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्यांच्यामार्फत साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. साक्षी संपेपर्यंत आरोपीच्या घरच्यांना किंवा मध्यस्थाला एकट्याने भेटू नका, काकूंनाही भेटू देऊ नका. तारखेला त्यांच्याबरोबर कुणीतरी जात जा. आणि मधल्या काळात कुणी माफीचा विषय काढलाच तर खटला चालू आहे एवढं सांगून त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.