केटामाइनने काही तासांत नैराश्य कसे उतरते?

तुमचा प्रश्न असा, की नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, मग केटामाइनच्या एका सलाइनने काही तासांत फरक कसा पडतो, आणि ती नुसती नशा तर नव्हे? मी कोल्हापुरात भूलतज्ज्ञ आहे, मनोविकारतज्ज्ञ नाही. पण हे औषध माझ्या नेहमीच्या हाताळणीतले आहे, म्हणून लिहितो.

केटामाइन १९७० मध्ये अमेरिकेत भुलीचे औषध म्हणून मान्य झाले. भुलीसाठी आम्ही ते शिरेतून, दर किलो वजनामागे एक ते दोन मिलिग्रॅम या हिशेबाने, मिनिटभरात देतो. नैराश्यासाठी मात्र अर्धाच मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत देतात. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली अवघ्या सात रुग्णांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हीच मात्रा होती. मात्रेतला हा फरक केवळ सावधगिरीपोटी नाही; खरी मेख तिथेच आहे.

मेंदूतील चेतापेशींना चेतवणारे मुख्य रसायन ग्लुटामेट आणि त्यांना आवरणारे गाबा. केटामाइन ग्लुटामेटचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरची ते रसायन टिपणारी ठिकाणे, अडवते, तेव्हा मेंदू मंदावायला हवा. पण कमी मात्रेत उलटेच घडते. त्याचे एक प्रचलित स्पष्टीकरण असे, की औषधाचा पहिला फटका गाबा सोडणाऱ्या पेशींना बसतो, आणि तालमीतून वस्ताद बाहेर गेले की पोरांचा जसा गलका सुरू होतो, तसा ग्लुटामेटचा लोट उसळतो. मात्रा भुलीइतकी वाढवली, तर वस्तादांबरोबर पोरेही झोपतात आणि गलका होतच नाही.

या लोटाने ग्लुटामेटचेच दुसरे, एम्पा नावाचे रिसेप्टर चेततात, बीडीएनएफ हे प्रथिन पाझरते, पेशीतील प्रथिननिर्मितीची सूत्रे हलवणारी एमटॉर यंत्रणा जागी होते आणि चेतापेशींमध्ये नवे जोड उगवतात. उंदरांच्या मेंदूच्या कपाळामागील भागात हे २०१० साली दाखवले गेले. मात्र २०१९ मधील एका प्रयोगात उंदरांचे वागणे आधी सुधारले आणि जोड नंतर उगवले; ते जोड मुद्दाम पुसून टाकल्यावर सुधारणा टिकली नाही. म्हणजे जोडांमुळे गुण टिकतो, पण त्याची सुरुवात दुसऱ्या कशाने तरी होते. चिनी संशोधकांनी २०१८ साली मेंदूतील हबेन्युला या छोट्या केंद्राकडे बोट दाखवले: निराशेच्या अवस्थेतील उंदरांत तिथल्या पेशी झटक्याझटक्याने संदेश सोडतात आणि केटामाइन ते झटके थांबवते. मला हे स्पष्टीकरण पटते, कारण त्यासाठी नवे काही बांधावे लागत नाही, फक्त चालू असलेले थांबवावे लागते.

आता नशेविषयी. शरीरापासून तुटल्यासारखे वाटणे साधारण दोन तासांत ओसरते, तर मनाला आलेला उतार २४ तासांच्या सुमारास सर्वाधिक असतो. त्यामुळे दोन्ही एकच नव्हेत. २०१३ मधील एका चाचणीत, गुंगी आणणाऱ्या मिडाझोलमशी तुलना केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी केटामाइनचा गुण ६४ टक्के रुग्णांना आणि मिडाझोलमचा २८ टक्के रुग्णांना आला. तरीही आम्हा भूलतज्ज्ञांना बुचकळ्यात टाकणारा एक अभ्यास सांगितलाच पाहिजे. स्टॅनफर्डमध्ये ४० नैराश्यग्रस्तांना शस्त्रक्रियेच्या भुलीत, म्हणजे त्यांना काहीच कळत नसताना, केटामाइन किंवा साधे सलाइन दिले, आणि दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. यात अपेक्षेचा वाटा मोठा असेल, किंवा इतर भूल-औषधांनी तो ग्लुटामेटचा लोटच दाबून टाकला असेल. मला दुसरी शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही.

एका सलाइनचा गुण बहुधा आठवडाभरात ओसरतो. म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अमेरिकेत २०१९ साली याच कुळातील एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्याला मान्यता मिळाली, तीसुद्धा तोंडाने घ्यायच्या गोळीच्या जोडीनेच वापरण्यासाठी होती.