कॅनडात स्थायिक होताना सेटलमेंट फंड रोख न्यावा, ड्राफ्टने न्यावा की बँकेतून पाठवावा?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो. आपण, आपली पत्नी आणि एक मूल अशा तिघांचा पीआर, म्हणजे कॅनडातील कायमच्या वास्तव्याचा हक्क, एक्सप्रेस एंट्री या तेथील कुशल कामगारांच्या निवडपद्धतीतून मंजूर झाला आहे. निघायला दोन महिने उरले आहेत, आणि सेटलमेंट फंड, म्हणजे तेथे बस्तान बसेपर्यंत पुरतील एवढे पैसे आहेत याच्या पुराव्यादाखल दाखवलेली रक्कम, तिच्यापैकी काही भाग वडिलांनी जमीन विकून दिलेला आहे. आता ही रक्कम कशी न्यावी, ती सगळी पहिल्याच दिवशी सोबत असावी लागते का, आणि दहा हजार डॉलरपेक्षा जास्त पैसे नेल्यास विमानतळावर कर द्यावा लागतो का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी काही वर्षांपूर्वी पत्नी आणि मुलीसह याच वाटेने ओंटारिओत आलो, तेव्हा हेच प्रश्न माझ्याही मनात होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाने सुरुवात करतो, कारण भीती त्याचीच सर्वांत जास्त असते. आपले स्वतःचे पैसे कॅनडात नेल्याबद्दल तेथे कोणताही कर लागत नाही, आणि किती न्यावेत यावर कॅनडाच्या बाजूने कमाल मर्यादाही नाही. नियम फक्त जाहीर करण्याचा आहे. सोबतच्या नोटा, बँक ड्राफ्ट, धनादेश, ट्रॅव्हलर्स चेक, शेअर, रोखे वगैरे मिळून किंमत १०,००० कॅनडियन डॉलर किंवा त्याहून अधिक होत असेल, तर कॅनडाच्या सीमा सेवा संस्थेला, म्हणजे सीबीएसएला, ते सांगणे बंधनकारक आहे. त्यासाठी ई६७७ हा फॉर्म भरावा लागतो. त्यात पैसे कोणाचे आहेत, किती आहेत आणि कोणत्या चलनात आहेत हे लिहायचे असते. खरे सांगून फॉर्म भरला की अधिकारी नोंद घेतो आणि पैसे आपल्याच हातात राहतात. न सांगितल्यास मात्र ते जप्त होऊ शकतात, आणि ज्या देशात आपण आयुष्य सुरू करणार आहोत तेथील सरकारी नोंदीत पहिली ओळ जप्तीची लागते. बँकेतून तारेने, म्हणजे वायर ट्रान्सफरने, पाठवलेले पैसे आपण सोबत बाळगत नसल्यामुळे ते या फॉर्मात येत नाहीत. १०,००० डॉलर किंवा अधिक रकमेच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाची माहिती तेथील बँक स्वतःच फिनट्रॅक या सरकारी संस्थेला कळवते. त्यामुळे भिण्याचे कारण नाही, आणि लपवण्याची सोयही नाही.

सगळी रक्कम पहिल्या दिवशी खिशात असण्याची गरज नाही. ती आपली आहे, आपल्याला केव्हाही वापरता येते आणि कोणाला परत करायची नाही, हे दाखवता येण्याची गरज आहे. एक्सप्रेस एंट्रीतील फेडरल स्किल्ड वर्कर आणि फेडरल स्किल्ड ट्रेड्स या दोन प्रवर्गांत निधीचा पुरावा लागतो. कॅनडात आधी काम केलेल्यांसाठीच्या कॅनेडियन एक्स्पिरिअन्स क्लासमधून येणाऱ्यांना तो लागत नाही. कॅनडात काम करण्याचा परवाना आणि वैध नोकरीचा प्रस्ताव हे दोन्ही ज्यांच्याजवळ आहे, त्यांनाही तो लागत नाही. ७ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या तक्त्यात एकट्या अर्जदारासाठी १५,२६३, दोघांसाठी १९,००१, तिघांसाठी २३,३६० आणि चौघांसाठी २८,३६२ कॅनडियन डॉलर असे किमान आकडे आहेत, आणि ते दरवर्षी बदलतात. कुटुंबाची संख्या मोजताना पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले सोबत येत नसली तरी धरली जातात. ही रक्कम अर्जाच्या दिवशी आणि पीआर मंजूर होतानाही उपलब्ध असावी लागते, आणि उतरल्यावर अधिकारी पुन्हा पुरावा मागू शकतो. म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यातले बँकेचे ताजे पत्र आणि खात्याचे उतारे हाताशी ठेवा. पत्र बँकेच्या लेटरहेडवर असावे, आणि त्यात खाते क्रमांक, खाते उघडल्याची तारीख, सध्याची शिल्लक, मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि आपल्या नावावरील थकीत कर्जे हे सारे असावे. आपल्याकडच्या शाखांमध्ये छापील नमुन्याचे दोन ओळींचे शिल्लक प्रमाणपत्र हातात देण्याची सवय आहे. ते पुरेसे नसते, म्हणून हवा तो मजकूर स्वतः टाइप करून शाखा व्यवस्थापकांकडे न्या.

वडिलांनी दिलेल्या पैशांविषयी थोडे थांबून सांगणे मला आवश्यक वाटते. उसने घेतलेले पैसे या पुराव्यात चालत नाहीत, आणि खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम उसनी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असते. वडिलांनी मुलाला दिलेली भेट भारतात करमुक्त आहे, रक्कम कितीही असो. पण करमुक्त असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. जमिनीचे नोंदणीकृत खरेदीखत, विक्रीची रक्कम वडिलांच्या खात्यात जमा झाल्याचा उतारा, त्यांच्या खात्यातून ती आपल्या खात्यात आल्याचा उतारा, आणि ‘ही रक्कम परत घेण्याच्या अटीशिवाय दिली आहे’ असे स्पष्ट लिहिलेले गिफ्ट डीड, अशी चार कागदांची साखळी पूर्ण असेल तर कोणालाही शंका घेण्यास जागा उरत नाही. हीच साखळी पुढे भारतीय बँक परदेशी पैसे पाठवताना मागते, आणि कॅनडातील बँकही मोठी रक्कम जमा होताना विचारू शकते. आमच्या बाबतीत माझ्या सासऱ्यांनी काही रक्कम दिली होती. ‘घरातल्या घरात कसला कागद करायचा’ असे त्यांना वाटत होते, आणि त्यांचा मान राखून त्यांची सही घेणे हे मला सर्व कागदपत्रांत सर्वांत अवघड गेले. तरीही सही घ्याच.

आता भारतातून पैसे बाहेर काढण्याचा भाग पाहू, कारण खरा खर्च आणि खरी बचत याच टप्प्यावर होते. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत, योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. त्यासाठी पॅन आणि ए२ हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म लागतो. ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र असते, अगदी अज्ञान मुलाचीही, मात्र त्याच्या वतीने पालक सही करतो. आपल्या रकमेच्या मानाने ही मर्यादा फार मोठी आहे, त्यामुळे तिची चिंता नको. लक्ष द्यायचे ते टीसीएसकडे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आपल्याकडून गोळा करते त्या कराकडे. १ एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात एलआरएसमधून पाठवलेल्या पहिल्या १० लाख रुपयांवर टीसीएस नाही. त्यापुढील रकमेवर, ती शिक्षण किंवा वैद्यकीय उपचारांसाठी नसेल, तर २० टक्के दराने तो घेतला जातो, आणि स्थायिक होण्यासाठी नेलेले पैसे या सवलतीत बसत नाहीत. समजा, आपण एकट्यानेच एका वर्षात १५ लाख रुपये पाठवले, तर वरच्या ५ लाखांवर १ लाख रुपये टीसीएस म्हणून वेगळे भरावे लागतील. हेच १५ लाख पती-पत्नींनी आपापल्या खात्यांतून, आपापल्या पॅनवर, साडेसात-साडेसात लाख असे पाठवले, तर टीसीएस शून्य. फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलनाच्या प्रीपेड कार्डात, भरलेले आणि नोटांच्या रूपात घेतलेले परकीय चलनही याच हिशेबात धरले जाते, हे विसरू नका. बँक तशी स्वयंघोषणा आपल्याकडून लिहून घेते.

टीसीएस म्हणजे दंड नाही. तो आपल्याच नावावर जमा झालेला आगाऊ कर असतो, आयकर खात्याच्या २६एएस या करजमेच्या उताऱ्यात दिसतो, आणि विवरणपत्र भरल्यावर कराच्या देय रकमेतून वळता होतो किंवा परत मिळतो. परंतु नव्या देशात पहिल्या तीन-चार महिन्यांत एक लाख रुपये अडकून पडणे म्हणजे काय, हे तेथे भाडे भरताना कळते. त्यामुळे तो टाळता येत असेल तर कायद्याच्या चौकटीत राहून जरूर टाळा. आपले निघणे मार्च-एप्रिलच्या आसपास असेल, तर काही रक्कम ३१ मार्चपूर्वी आणि काही १ एप्रिलनंतर, पण निघण्याआधी, पाठवणे हाही सरळ मार्ग आहे.

‘निघण्याआधी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कायमचे स्थायिक होण्यासाठी भारत सोडला की फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानुसार आपण अनिवासी ठरतो, आणि एलआरएस ही निवासींसाठीची योजना असल्यामुळे ती वाट तेथे संपते. साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमबाह्य आहे. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे रुपयातील साधे खाते, करून घ्यावे लागते. मात्र त्यानंतर एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते आणि त्या पैशांवरील भारतीय कर चुकता झालेला असावा लागतो, पण तेथे एलआरएसचा टीसीएस लागत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्या सहा-आठ महिन्यांना पुरेल एवढी रक्कम निघण्यापूर्वी पाठवावी, आणि उरलेल्या मुदत ठेवी घाईने मोडून व्याज न गमावता त्या मुदतीनंतर एनआरओमार्गे आणाव्यात. निधीचा पुरावा म्हणून दाखवलेली किमान रक्कम मात्र उतरेपर्यंत कमी होऊ देऊ नये.

रोख, ड्राफ्ट की तार, या मूळ प्रश्नाकडे येतो. भारतातून जाताना परकीय नोटा प्रवासामागे ३,००० अमेरिकन डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात, म्हणजे सगळा निधी रोख नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टॅक्सी, सिमकार्ड, किराणा आणि अडीअडचणीसाठी एक-दीड हजार कॅनडियन डॉलरच्या नोटा आणि थोडी रक्कम फॉरेक्स कार्डात, एवढे मला पुरेसे वाटते. ड्राफ्टच्या बाबतीत माझा अनुभव चांगला नाही. आम्ही निम्मी रक्कम कॅनडियन डॉलरच्या ड्राफ्टने नेली होती. तेथील बँकेने तो स्वीकारला, पण पैसे वटून हाती येईपर्यंत काही आठवडे रोखून धरले, आणि नेमके त्याच काळात घरमालकाला पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे द्यायचे होते. ओंटारिओत शेवटच्या महिन्याचे भाडे आगाऊ घेणे कायदेशीर आहे, म्हणजे उतरल्यावर दोन महिन्यांचे भाडे एकदम हाताशी लागते. त्या दिवसांत पत्नीच्या नावाने आधीच तारेने पाठवलेल्या रकमेनेच आम्हाला सावरले.

त्यामुळे मोठी रक्कम तारेनेच पाठवावी असे मी आग्रहाने सांगतो. कॅनडातील काही मोठ्या बँका नवागतांना भारतातूनच खाते उघडू देतात. त्यात पैसे जमा करता येतात, आणि ते काढण्यासाठी तेथे पोहोचल्यावर शाखेत जाऊन पासपोर्ट आणि पीआरचा कागद दाखवावा लागतो. नोकरी नसणे किंवा खात्यात टाकायला पैसे नसणे ही खाते नाकारण्याची कारणे तेथील कायद्यात बसत नाहीत, हेही लक्षात असू द्या. पैसे पाठवताना केवळ शुल्काकडे पाहू नका. बँकेचा विक्रीदर आणि त्या क्षणाचा बाजारभाव यांतील फरक हाच बहुधा मोठा खर्च असतो. ‘इतके रुपये दिले तर समोरच्या खात्यात नेमके किती डॉलर पडतील’ हा एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारावा. मधली बँकही आपले शुल्क कापते, ते कोण भरणार हे फॉर्मवर ठरवता येते.

एक अडचण खास आपल्या मराठी नावांची आहे. बँकेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. आणि पत्नीचे जुने खाते माहेरच्या नावाने. असा मेळ नसला तर पैसे तपासणीसाठी अडकतात किंवा परतही येतात. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव दोन्ही देशांतील खात्यांवर असावे, आणि ही दुरुस्ती आजच सुरू करा, कारण दोन महिने त्यासाठी फार नाहीत.

शेवटी कराच्या दृष्टीने एक काम, जे मी वेळेवर केले नाही आणि नंतर जुने उतारे गोळा करत बसलो. कॅनडाचे कर-निवासी झाल्या दिवसापासून आपले जगभरातील उत्पन्न तेथे करपात्र ठरते. एनआरई, म्हणजे परदेशातून आणलेल्या पैशांच्या अनिवासी, ठेवीवरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी कॅनडात दाखवावे लागते. भारतातील शेअर, म्युच्युअल फंड आणि सदनिका त्या दिवशीच्या बाजारभावाने विकत घेतल्या असे तेथील कर विभाग मानतो, त्यामुळे आधीची वाढ तेथे करात येत नाही. पण तो भाव सिद्ध करायला त्या तारखेचा उतारा लागतो. परदेशातील अशा मालमत्तेची एकूण किंमत एक लाख कॅनडियन डॉलरच्या वर असेल, तर टी११३५ हा फॉर्म भरावा लागतो, परंतु निवासी झालेल्या पहिल्या वर्षासाठी नाही. स्वतःच्या वापरासाठी ठेवलेले घर त्यात धरले जात नाही. विमानात बसण्यापूर्वीच्या संध्याकाळी सर्व खात्यांचे, फंडांचे आणि डीमॅटचे उतारे काढून त्यांच्या दोन प्रती करा. त्यांपैकी एक प्रत गिफ्ट डीड आणि बँकेच्या पत्रासह हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात नव्हे, कारण अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते ते सामान मिळण्याच्या आधी.