वरकस जमिनीवर रान परत आणायचंय? आधी मुळं बघा

प्रश्न (लांजा तालुक्यातील काही शेतकरी): नाचणी-वरी सोडून आठ वर्षं झाली. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर गवत आणि रानमोडीचं तणच माजलं आहे. तिथे पुन्हा रान उभं करायचं आहे. शेंगांची झाडं नत्र (नायट्रोजन) देतात म्हणून चिंच, बहावा, सुबाभूळ लावू का?

उत्तर: रान परत आणायचं तुम्ही मनावर घेतलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शेंग आली म्हणजे नत्र आलंच, असं नाही. चिंच, बहावा, कांचन शेंगावर्गातलीच, तरी त्यांच्या मुळांवर गाठी होत नाहीत. हवेतलं नत्र धरतात ते गाठींतले रायझोबियम जिवाणू. खैर, करंज, शिसव, पांगारा, शिरीष यांना अशा गाठी येतात. चिंच-बहावा जरूर लावा, फक्त नत्रासाठी त्यांच्यावर विसंबू नका. सुबाभूळ मात्र नकोच. तिचं बी इतकं पडतं की दुसऱ्या झाडाला जागा उरत नाही. उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) बांधापुरती ठीक.

पनामात गुरांची कुरणं सोडून दिल्यावर उगवलेल्या जंगलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे नत्र धरणारी झाडं शेजारच्या झाडांपेक्षा नऊपटीपर्यंत वेगाने कार्बन साठवत होती, सर्वांत तरुण जंगलांत हा फरक सर्वांत मोठा होता, आणि पहिल्या १२ वर्षांत जंगलाच्या वाढीला लागलेल्या नत्राचा मोठा वाटा याच झाडांनी दिला. तुमची जमीन आज त्याच वयाची आहे, म्हणून उशीर नको.

हे नत्र शेजारच्या ऐन-किंजळाला मिळतं ते मुख्यतः पाला गळून कुजल्यावर. म्हणून माझी कळकळीची विनंती: तिथला पाला राबाला (भाताच्या रोपांच्या जागी जाळायला) नेऊ नका आणि वणव्याआधी जाळपट्टा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढून ठेवा. पाला जळला की त्यातलं बरंचसं नत्र पुन्हा हवेत जातं. गुरंही पहिली काही वर्षं बाहेरच ठेवा.

आपल्या जांभ्याच्या लाल मातीत स्फुरद (फॉस्फरस) बांधून राहतं, झाडांना सहज मिळत नाही, आणि गाठींना तर ते हवंच. खड्ड्यात शेणखताबरोबर मूठभर सुपर फॉस्फेट घाला. युरिया टाकू नका. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरायचं कमी करतं. रोपांच्या पिशव्या भरताना खैराच्या रोपांना जुन्या खैराखालची, करंजाच्या रोपांना जुन्या करंजाखालची थोडी माती मिसळा, जिवाणू त्यातूनच येतात.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमारास, एखाद्या रोपाची बाजूची मुळं अलगद उकरा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम सुरू आहे. हिरवट किंवा करडी निघाली, तर ते रोप आणि ओंजळभर माती घेऊन आमच्या कार्यालयात या.