न कुडकुडता ऊब

प्रश्न : नवजात बाळ कुडकुडत नाही, मग त्याला ऊब मिळते कुठून?

उत्तर : मान, खांद्यांची पाती आणि मूत्रपिंडांभोवतीच्या तपकिरी चरबीतून. एरवी मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पटलाबाहेर ढकललेले प्रोटॉन (धनभारित कण) एटीपी सिंथेज या विकरामधून परततात आणि एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन तयार होतं. तपकिरी चरबीत यूसीपी-१ हे प्रथिन प्रोटॉनना चोरवाट देतं. मग ऊर्जेची थेट उष्णता होते. ही वाट सहसा बंदच असते. गारठा जाणवला की नॉरअॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन स्रवतं, चरबी फुटून मेदाम्लं सुटतात. ही मेदाम्लंच चोरवाट उघडतात आणि इंधनही पुरवतात. ऑक्सिजन कमी पडला तर मात्र ही शेगडी मंदावते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही चरबीच कमी, म्हणून त्याला लगेच कोरडं करून आईच्या उघड्या छातीशी धरावं, डोकं झाकावं.