सोप्यातल्या टीव्हीसाठी बिनआवाजाचा कॉम्प्युटर: पंखा बदलण्याआधी चिप बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातल्या वडगावच्या जुन्या घरात सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत टीव्ही आहे, त्याला चौथ्या पिढीचा कोअर आय५ असलेला जुना डेस्कटॉप जोडलाय. ४के व्हिडिओ लावला की पंखा घोंघावायला लागतो आणि रात्री पलीकडच्या खोलीत आईवडिलांची झोपमोड होते. नुसता भारीतला सायलेंट पंखा बसवून भागेल, की पंचवीस हजारांत नवीनच काही जोडावं?

नुसत्या पंख्याने भागणार नाही. आवाज पंखा करतो हे खरं, पण त्याला पळवते ती उष्णता, आणि तुमच्या मशीनमध्ये ती उष्णता येते चुकीच्या कामातून. व्हिडिओ दाबून साठवलेला असतो, तो दाखवताना उलगडावा लागतो. त्या कामासाठी चिपमध्ये खास वेगळा भाग असतो, पण त्याला ठरावीकच प्रकार कळतात. चौथ्या पिढीच्या आय५ला एच.२६४ हा जुना प्रकार कळतो. एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे प्रकार त्याच्या हार्डवेअरला कळत नाहीत. मग ते सगळं ओझं प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर पडतं, चारही कोअर पूर्ण भाराने चालतात आणि पंखा बोंबलतो. असल्या मशीनला जगातला सगळ्यात महाग पंखा लावला तरी घाम त्याला फुटणारच.

नवीन मशीन येईपर्यंत एक करून बघा. यूट्यूब बघत असाल तर ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ नावाचं एक्स्टेंशन टाका. त्याने यूट्यूब एच.२६४ मध्येच व्हिडिओ पाठवतं. दर्जा १०८०पीच्या वर जाणार नाही, पण पंखा त्याच संध्याकाळी शांत झालेला जाणवेल. तसंही तुमच्या त्या डेस्कटॉपचं एचडीएमआय १.४ आहे, ४के असलं तरी सेकंदाला ३० चित्रांच्या वर ते जात नाही. त्यामुळे गमावण्यासारखं फार नाही.

आता नवीन. मी तुमच्या जागी असतो तर डोळे झाकून इंटेलच्या एन१०० चिपवर गेलो असतो. २०२३ साली आलेली ही चार कोअरची साधी चिप, कंपनीच्या कागदावर ६ वॅटची. दहा-बिटचं (रंगांच्या जास्त छटांचं) एच.२६५, व्हीपी९, एव्ही१ हे सगळं ती हार्डवेअरमध्येच उलगडते. व्हिडिओ चालू असताना अख्खं मशीन साधारण १० ते १५ वॅट घेतं. एवढी उष्णता बोटभर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची फिन नुसत्या हवेवर सोडून देते, पंखा लागतच नाही. अ‍ॅसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा बोर्ड बघा. त्यावर चिप आणि असल्या फिनांचं हीटसिंक आधीच बसवलेलं येतं आणि तो लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. म्हणजे वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा आणि त्याच्यातला पंखा दोन्ही गेले. असूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ पण बिनपंख्याचाच आहे, पण त्याला नेहमीचा २४ पिनांचा पुरवठा लागतो, म्हणून तुमच्यासाठी पहिला बरा. रॅम ८ जीबी पुरते. २५६ जीबीची एसएसडी पुरते. रॅम आणि एसएसडीचे भाव सारखे वरखाली होत असतात, तरी तुमच्या रकमेत हे बसवता येईल.

दुसरी वाट म्हणजे कंपन्यांतून निघालेले जुने मिनी पीसी: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. बेंगळुरूच्या एसपी रोडवर असला माल मिळतो, आपल्याकडचे दुकानदारही मागवून देतात. घेताना पिढी विचारा. सातव्या पिढीपासून दहा-बिटचं एच.२६५ आणि व्हीपी९ दोन्ही चालतं, पण एव्ही१ अकराव्या पिढीपासून पुढेच. शिवाय यांतल्या बहुतेकांना डिस्प्लेपोर्ट असतो. टीव्हीवर ४के ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) हवं असेल तर त्यातून एचडीएमआय काढायला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो, साधी वायर चालत नाही. आणि यांच्यात छोटा ब्लोअर असतो. कमी भारावर तो गप्प असतो, पण धूळ बसली की शिट्टी वाजवायला लागतो.

धुळीचं आपल्या भागात हलकं घेऊ नका. बेळगावची तांबडी माती पिठासारखी बारीक, आणि वडगाव-शहापुरात जिथे माग चालतात तिथे हवेत सुताचा कोंडापण असतो. पंख्याच्या पात्यांवर त्याचा थर बसला की पातं जड होतं, तोल जातो आणि गुरगुर सुरू होते. दिवसा मागाच्या खडखडाटात ती कुणाला ऐकू येत नाही. रात्री माग बंद झाले की तीच गुरगुर भिंतीपलीकडे जाते. म्हणून माझं ठाम मत, आपल्या घरांत हलणारा भागच नको.

पण अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि कुणाचं घर पत्र्याचं असतं. तिथे बिनपंख्याच्या मशीनला जोड म्हणून एक पंखा द्यावा, तो १२० मिलिमीटरचा आणि सावकाश फिरणारा. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे हवेपेक्षा आवाजाचा फायदा कितीतरी जास्त. चार पिनांचा पंखा घ्या, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ६५ अंशांपर्यंत त्याला एकाच कमी वेगावर बांधून ठेवा. आवाज मोठा असण्यापेक्षा कमीजास्त होत राहिला की कान त्याच्याकडे जास्त ओढला जातो. एका सुरात चाललेला पंखा दहा मिनिटांत विसरला जातो.

ठेवायची जागा हा पुढचा मुद्दा, आणि यात बरेच जण फसतात. बिनपंख्याचं मशीन आणून काचेच्या शोकेसमध्ये कोंडायचं, वर सेट टॉप बॉक्स ठेवायचा, मग ते तापून रखडायला लागलं की चिपला नावं ठेवायची. शोकेसची मागची फळी कापून घ्या. वर-खाली चार बोटं मोकळी जागा ठेवा. हीटसिंकच्या फिन उभ्या राहतील असं मशीन उभं करा, गरम हवा आपोआप वर निघून जाते. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे केसच्या बाबतीत माझा सल्ला थोडा आपल्या गावाच्या बाजूने झुकणारा आहे: मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो, त्याच्या मापाचा पत्र्याचा डबा आपले फॅब्रिकेशनवाले सहज करून देतात. खाली आणि वर भोकं मारून घ्या, आतून बारीक जाळी लावा. जाळी विसरू नका. उबदार डबा दिसला की पाल आत शिरते, आणि पावसाळ्यात मुंग्या अंडी घेऊन येतात. बोर्ड शॉर्ट झालेले मी बघितलेत, कारण नेहमी हेच.

हार्ड डिस्क सोप्यात नको. फिरणाऱ्या डिस्कची घरघर लाकडी शोकेसमधून दुप्पट होऊन येते. सिनेमे, नाटकं, फोटो यांच्यासाठी मोठी डिस्क हवीच असेल तर ती माडीवर राउटरशेजारी, जुन्या कॉम्प्युटरला जोडून ठेवा. तुमचा आय५ त्या कामाला उत्तम आहे, फायली पुरवायला त्याला घाम फुटत नाही. तिथून सोप्यात लॅनची वायर ओढा. आपल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंतींतून वायफाय पोचतो न पोचतो, आणि ४के ब्लू-रेचा व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटच्या पुढे जाऊ शकतो. गिगाबिट वायरीला ते काहीच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये लिब्रेईएलईसी टाका. नुसतं कोडी (सिनेमे, गाणी, फोटो टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवण्यासाठीच बनवलेलं हे लिनक्स आहे, पेनड्राइव्हवरून थोड्या वेळात बसतं आणि मशीन चालू केलं की थेट कोडीच समोर येतं. मात्र ओटीटीचे पैसे भरत असाल तर ते टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा स्टिकवरच बघा. लिनक्सवर त्या कंपन्या पूर्ण दर्जाचं चित्र देत नाहीत, त्यात डोकं घालून वेळ घालवू नका. सेट टॉप बॉक्सही वेगळाच राहू दे. आईवडिलांना सह्याद्री आणि चंदना त्यांच्या सवयीच्या बटणावर मिळायला हवं.

रिमोटचं म्हणाल तर पीसीच्या बोर्डांवर एचडीएमआयमधून टीव्हीचा रिमोट चालण्याची सोय सहसा नसते. फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर मिळतो, घरातला कुठलाही पडीक रिमोट त्याला शिकवता येतो. डोंगलवाला रिमोट घेतलात तर डोंगल मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टात खोचू नका. त्या पोर्टांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येतो आणि बटण दाबून दाबून माणूस वैतागतो. फूटभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल पुढे आणा.

हे सगळं केल्यावरही गुणगुण ऐकू आली तर ती मशीनची नसून स्पीकरची असण्याची शक्यता जास्त. आमच्या शहापुरातल्या घरात अशीच बारीक ‘हूं’ यायची. कशामुळे ते शोधायला एक एक वायर काढत गेलो, आणि केबल टीव्हीची गोल वायर काढल्याबरोबर ती थांबली. केबलची वायर बाहेर कुठेतरी अर्थिंगला लागलेली असते, आपल्या घराचं अर्थिंग वेगळं, आणि दोन्हींच्या फरकातून ५० हर्ट्झचा करंट स्पीकरच्या वायरीतून फिरतो. त्या केबलच्या तोंडाशी लावायचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, तो लावा. टीव्हीची तीन पिनांची पिन मोडून दोन पिनांची करायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावरही अडॅप्टर गुणगुणतात, साइन वेव्ह असेल तर हा त्रास नाही. वीज गेल्या-आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू करा. आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

शांत झालं की नाही हे बघायची माझी पद्धत सांगतो. रात्री दारं लावून, टीव्हीचा पडदा बंद करून कुमार गंधर्वांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण अगदी हळू लावतो. सुळेभावीचा हा माणूस, १९२४ साली इथे आपल्याच शिवारात जन्मला. त्यांच्या गाण्यात दोन स्वरांमध्ये जी जागा सुटते तिथे मागे नुसता तानपुरा असतो. बसल्या जागेवरून तो स्वच्छ ऐकू आला, की मशीनमध्ये आता काही करायचं उरलं नाही. आवाज मोजायच्या मोबाइल अ‍ॅपपेक्षा मला यावर जास्त भरवसा वाटतो, खालच्या पातळीवर ती अ‍ॅपं काहीही दाखवतात.

शेवटी तुम्ही जाताजाता लिहिलेल्या लग्नाच्या आणि नाटकांच्या जुन्या सीडींबद्दल. मला विचाराल तर कॉम्प्युटर आधी नाही घेतला तरी चालेल, पण त्या सीडी या पावसाळ्याआधी उतरवून घ्या. आपल्याकडच्या, त्यातून खानापूरकडच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते, वरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग काही हाती लागत नाही. व्हीसीडी असेल तर आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट फाइल असते. विंडोजवर तीच कॉपी करून घ्या, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही वापरा, ते दर्जाला हात न लावता फाइल बनवतं. पुन्हा दाबून लहान करायच्या फंदात पडू नका. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ चं, त्यातलं काही गेलं तर चेहरे ओळखू येणार नाहीत.

आणि ती चित्रं सेकंदाला २५ आहेत. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर २५ त्यात नीट बसत नाहीत, आणि वरात चालताना माणसं ठेचाळत चालल्यासारखी दिसतात. कोडीच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ चालू केलं की अशा फाइलला टीव्ही ५० हर्ट्झवर जातो आणि चाल सरळ होते. डीव्हीडीतल्या हलत्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर व्हिडिओ चालू असताना डीइंटरलेस चालू करा. तुमच्या शोकेसची मापं आणि टीव्हीचं मॉडेल खाली लिहा, डब्याचं रेखाचित्र करून देतो, ते घेऊन थेट फॅब्रिकेशनवाल्याकडे जाता येईल.